अनसूयाबाईंचा करंडा

बातमी बंद पाकिटातून आली, तेव्हाच ती कुणाच्या घरून आली हे मला कळायला हवं होतं. आपल्याकडे मयताचं पत्र म्हणजे साधं पोस्टकार्ड, एक कोपरा फाडलेलं. पोस्टमननं दारातून टाकलं की नजर आधी कोपऱ्याकडे जाते आणि मजकूर वाचण्याआधीच कुणीतरी गेलं हे कळतं. वाचून झालं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. पण त्या दिवशी दादरच्या घरी माझ्या हातात पडलं ते पाकीट, भाताच्या खळीनं इतकं घट्ट चिकटवलेलं की सुनेनं सुरी आणून दिली. आत वहीचा कागद आणि जरा जास्तच दाबून लिहिलेलं अक्षर : "ताई, आत्या सोमवारी सकाळी गेली. त्रास झाला नाही. तुम्हाला कळवायला सांगून ठेवलं होतं. शेवंता." सून म्हणाली, "मयताचं कुणी पाकीट पाठवतं का हो? कार्ड टाकायचं की!" गिरगावातल्या त्या खोलीतून गेल्या पंचवीस वर्षांत एकही उघडं कार्ड बाहेर पडलेलं नाही, आणि त्याला कारण मी आहे... महिना होऊन गेला. लिहावं की लिहू नये असं करता करता आज बसले, कारण शोकसभेतली भाषणं ऐकून मला शिसारी आली आणि ती अजून गेलेली नाही.

अनसूयाबाईंची शोकसभा आमच्याच जुन्या संस्थेनं घेतली. करुणामूर्ती काय, वात्सल्यसिंधू काय, एकानं तर 'अबलांची माउली' असंही म्हणून घेतलं. अनसूयाबाई ऐकत असत्या तर तपकिरीची चिमूट ओढून भर सभेत शिंकल्या असत्या. बाई मुळीच मूर्ती-बिर्ती नव्हत्या. हेकट होत्या, फटकळ होत्या, चहा पांढरा दिसला की बशी परत ढकलायच्या. गिरगावात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं कार्यालय होतं, दोन खोल्यांचं. मुंबईतून फसवून बाहेर नेलेल्या मुलींचा शोध घ्यायचा आणि परदेशी बंदरांतून ज्या सापडतील त्यांना परत आणायचं, हे संस्थेचं काम. हे काम बाई करायच्या. मी त्यांच्या हाताखाली पत्रव्यवहार बघायचे, इंग्रजी बरं होतं म्हणून. बाकीचे सगळे कार्यकारिणीत होते.

बाईंची कामाची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. मुलगी सापडली की तिच्या घरी निरोप द्यायचा, तो चाळीत. आता चाळीत संस्थेची बाई वर आली की जिन्याच्या पहिल्या पायरीपासून गॅलरीच्या टोकापर्यंत सगळ्यांना कळतं. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दारादारांत माणसं उभी. म्हणून बाई जायच्या त्या हातात कुंकवाचा करंडा घेऊन. पितळी, नारळाएवढा, झाकणावरच्या मोराची चोच मोडलेली. हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आलेल्या बाईकडे कोण संशयानं बघतो? बाई सरळ आत, सैपाकाच्या ओट्यापाशी जायच्या, मुलीच्या आईच्या कपाळाला बोट टेकवायच्या आणि त्याच हातानं तिचा खांदा धरून हळू सांगायच्या, "ओरडू नको. तुझी लेक जिवंत आहे." पुढचं सगळं मग आईच ठरवायची : कुणाला सांगायचं, कुणाला नाही, मुलगी मामाकडून आली म्हणायचं की आजोळाहून. एकदा मी विचारलं, हे सुचलं कसं? तर म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यानं मला टाकली, त्याचा हा एवढाच उपयोग झाला. मेला असता तर करंडा हातात धरता आला नसता."

आणि तो मेलाही. आमच्या कार्यालयाच्या पत्त्यावरच त्याचं कार्ड आलं, कोपरा फाडलेलं, दिरानं लिहिलेलं. मी वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, "कुसुम, फाडून टाक ते. उद्या मला माझगावात जायचंय, एका आईला सांगायचंय. कपाळ पुसून गेले तर ती मला दारातच उभी करील." मी फाडलं. हे संस्थेत फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा लाठीमार. लालबाग-परळकडे अश्रुधूर आणि गोळीबार झाल्याच्या बातम्या यायच्या आणि संध्याकाळी कोण घरी परत आलं नाही याची चाळीचाळीत मोजदाद व्हायची. बाई सत्याग्रहाला निघाल्या त्या बायकांच्या तुकडीबरोबर, जाताना म्हणाल्या, "संध्याकाळी सोडतील, टपाल बघून ठेव." त्यांना सोडलं नाही. पंधरा दिवस आत ठेवलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरातून पत्र आलं. तिथे एक म्हातारी गोरी परिचारिका बोटींवरून उतरवलेल्या मुलींसाठी घर चालवायची. बाईंना इंग्रजी येत नव्हतं, तिला मराठी येत नव्हतं, दोघी एकमेकींना आयुष्यात भेटल्या नाहीत, पण माझ्या लेखणीतून त्यांचा आठ वर्षं संसार चालला होता. तिची पत्रं सैपाकाच्या कृतीसारखी नेमकी असायची. या पत्रात लिहिलं होतं : मुलगी सोळा-सतरा वर्षांची, नाव शेवंता, डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग, हनुवटीवर गोंदण. मुंबईत करी रोडला चाळीत राहत होती, बाप गिरणीत. आयाचं काम देतो म्हणून ओळखीतल्या माणसानं नेलं, बोटीवर बायको म्हणून कागद केले, आणि बंदरावर उतरवून विकली. इथल्या पोलिसांनी सोडवली आहे. बोट तीन आठवड्यांनी निघते. मात्र मुंबईत तिला ताब्यात घेणारं नातेवाईक कोण, हे तारेनं कळल्याशिवाय इथला अधिकारी तिला बोटीवर चढू देणार नाही. पत्राच्या शेवटी बापाचं नाव आणि चाळीचा पत्ता होता.

मी काय करायला हवं होतं? करंडा बाईंच्या टेबलाच्या खणात होता. मी उठून करी रोडला जायला हवं होतं. पण मी घाबरले. तिकडे दगडफेक चालली आहे म्हणत होते, घरी आई उंबरा ओलांडू देत नव्हती, जेमतेम चार इमारतींवरच्या कार्यालयात येऊ देत होती. कार्यकारिणीच्या चिटणीसांना विचारलं तर ते म्हणाले, "कार्ड टाका ना एक, त्यात काय?" आणि मी कार्ड टाकलं. माझं अक्षर चांगलं, त्याचा मला गर्व. सुवाच्य लिहिलं : आपली कन्या शेवंता हिला अनैतिक व्यापाराकरिता परदेशी नेण्यात आले होते, ती आता सुखरूप असून तिला परत घेण्यास आपण राजी असल्यास त्वरित कळवावे. खाली संस्थेचा जांभळा शिक्का. 'सुखरूप' हा शब्द मी मुद्दाम घातला होता, बापाला दिलासा वाटावा म्हणून! आता आठवलं की स्वतःचीच किळस येते. चाळीतच जन्मले, चाळीतच वाढले, आणि चाळीत कार्ड कसं येतं हे मला माहीत नव्हतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? पोस्टमन तीन मजले चढत नाही. जिन्याखाली जो उभा असेल त्याच्या हातात देतो आणि तो वाचत वाचत वर जातो.

त्या दिवशी जिन्याखाली एक मास्तर उभे होते. चाळीच्या फळ्यावर रोज चळवळीच्या बातम्या लिहायचं काम त्यांच्याकडे. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. नंतर म्हणाले, बातमी वाचायची सवय लागली होती... शेवंताच्या बापानं सगळं ऐकून घेतलं. खाली गेला, सगळ्यांच्या नळावर भरदुपारी, अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी ओतून घेतलं आणि लेकीच्या नावानं आंघोळ केली. जिवंत लेकीच्या. चौथ्या दिवशी आमच्या पोस्टमननं माझं कार्ड परत आणून दिलं. "घेतलं नाही त्यांनी," म्हणाला. मजकूर तसाच होता, शिक्का तसाच होता. फक्त एक कोपरा फाडलेला होता.

बाई सुटून आल्या त्या सरळ कार्यालयात. बोट निघायला तीन दिवस उरले होते. मी कार्ड पुढे केलं आणि रडायला लागले. त्यांनी कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. तर एवढंच म्हणाल्या, "घरातला निरोप घरात द्यायचा असतो गं. तू जिन्यात ठेवलास." मग करंडा काढला आणि म्हणाल्या, चल. माझ्या आईला न विचारता मी गेले.

करी रोडची ती चाळ मी विसरणार नाही. भिंतीवर चुन्यानं हातहातभर अक्षरांत 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलेलं. गॅलरीत माणसं, आणि या वेळी करंड्याचा काही उपयोग नव्हता, कारण आम्ही कोण ते सगळ्यांना माहीत होतं. बाप दारात आडवा उभा. म्हणाला, "आमची पोरगी गेली. सुतक फिटलं." आतून आई बोलली, कोकणातल्या आपल्या भाषेत, तोंडात पदर धरून : "माका व्हया हो माजा चेडू... पन हेंनी तिच्या नावान आंघूळ केल्यानी." नवऱ्यानं मागे वळून नुसतं पाहिलं, ती गप्प झाली. मग मास्तर पुढे झाले, मोठ्या समंजसपणानं. "बाई, तुम्ही सुशिक्षित आहात. चळवळ ऐन रंगात आलीय, सगळ्यांचं लक्ष आपल्या चाळीकडे आहे. अशा वेळी चाळीची अब्रू..." बाईंनी त्यांना पुरं करू दिलं नाही. "मास्तर, मीही त्याच चळवळीत पंधरा दिवस आत बसून आलेय. अख्खी मुंबई परत मागताय ना तुम्ही? मग मुंबईतली एक पोर परत येतेय, ती का नको?" खाली एक तुकडी घोषणा देत गेली आणि गॅलरीतले निम्मे लोक कठड्यावरून वाकून त्यात सूर मिसळायला लागले, मास्तरसुद्धा. मला त्या घोषणेबद्दल काही म्हणायचं नाही, मीही ती दिलेली आहे, आणि राज्य झालं त्या दिवशी पेढे वाटलेले आहेत. पण तेच तोंड, तीच छाती, आणि पाठीमागच्या खोलीत आई भिंतीला डोकं टेकून बसलेली...

जिना उतरताना बाई म्हणाल्या, "तार कर. आत्या आहे म्हणून." मी म्हटलं, कोण आत्या? "मी. बापाची बहीण. बापानं टाकली तर आत्या घेते, त्याला कायद्यात बंदी आहे का?" कार्यालयात येऊन त्यांनी हमीच्या कागदावर, 'मुलीशी नाते' या शब्दांपुढे, वाकड्यातिकड्या अक्षरात 'आत्या' लिहिलं आणि सही केली. चिटणीस म्हणाले, हे खोटं आहे. बाई म्हणाल्या, "मग खरं कोण ते आणा इथे." तारेला तिसऱ्या दिवशी उलट तार आली : चढली.

बोट लागली तेव्हा आम्ही दोघीच धक्क्यावर होतो. नाही, संस्थेच्या अध्यक्षीणबाईंची गाडीही होती. त्याच आठवड्यात परदेशी पाहुणे आलेले, हॉटेलात परिषद, 'स्त्रियांच्या व्यापाराविरुद्ध राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्य' असा विषय. अध्यक्षीणबाईंना शेवंता मंचावर हवी होती, हार घालून, सहकार्याचं फळ म्हणून. "पाच मिनिटांचं काम आहे, बोलायलाही नको, नुसती उभी राहील," असं त्या मला समजावत होत्या. हातात मोगऱ्याचा हार तयार होता. बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "एकदा धक्क्यावर उभी करून दाखवलीय तिला. आता पुरे." हार गाडीतच राहिला. परिषदेत ठराव झाले, फोटो निघाले, इडली आणि केक दोन्ही होते. मी नोंदी घ्यायला होते म्हणून सांगते : त्या म्हाताऱ्या परिचारिकेचं नाव दोन दिवसांत एकदाही कुणी घेतलं नाही. आणि तिनं मात्र शेवंताबरोबर चिठ्ठी पाठवली होती. आठ दिवस तिला काही विचारू नका, दारं उघडी ठेवा, दिव्याची वात मोठी ठेवा, पोटभर भात घाला. राष्ट्राराष्ट्रांतलं सहकार्य म्हणतात ते मला त्या चिठ्ठीत दिसलं, हॉटेलात नाही.

बाईंनी चिठ्ठी अक्षरशः पाळली. शेवंता त्यांच्या गिरगावच्या खोलीत राहिली आणि नवव्या दिवशी तिनं स्वतःहून पहिला प्रश्न विचारला, तोही मला, कारण बाई पाणी भरायला गेल्या होत्या. "ताई, तिकडच्या बाई म्हणाल्या की घरी पत्र गेलंय. आई काय बोलली?" मी म्हणाले, आईला तू हवी आहेस. ते खरं होतं. पत्र कुणी लिहिलं ते मी सांगितलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही. मात्र त्या दिवसापासून त्यांनी घरातून आणि कार्यालयातून कार्ड जाऊ दिलं नाही. वाण्याला चिठ्ठी पाठवायची तरी पाकिटात, खळ लावून. लोक हसायचे. मला हसू यायचं नाही. पुढे माझं लग्न झालं, मी दादरला गेले, नोकरी सुटली. वर्षातून दोन-तीनदा जायचे. शेवंता बालवाडीत मदतनीस झाली, बाईंकडून लिहावाचायला शिकली, त्यांना आत्या म्हणायला लागली ती कायमची. तिचा बाप गेला तेव्हा कुणी कळवलं नाही. आई एकदा येऊन गेली, गुपचूप, बाजाराच्या पिशवीत खोबऱ्याच्या वड्या घेऊन.

पाकीट मिळाल्यावर मी गेले तर शेवंता एकटी होती, केस पांढरे व्हायला लागलेली चाळिशीची बाई. म्हणाली, आत्याच्या दिराकडची माणसं आली होती. मयताला हात लावायच्या आधी त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं की ही विधवा होती, पंचवीस वर्षं कुंकू लावून लोकांच्या घरात शिरत होती, बाटवलंन सगळं. करंडा उचलून बाहेर टाकायला निघाले. "मी हातातनं काढून घेतला," शेवंता म्हणाली, "आणि आत्याच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. म्हटलं, आता न्या." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं ना, ती विधवा आहे ते?" मी म्हटलं, हो. आणि तसंच बोलत गेले, थांबता येईना... म्हटलं, शेवंता, आणखी एक सांगायचंय. तुझ्या घरी ते कार्ड...

"ठाऊक आहे," ती म्हणाली. उठली, फळीवरचा करंडा काढला, त्याच्याखालच्या कापडातून एक पिवळं पडलेलं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. एक कोपरा नसलेलं. मयताचं पत्र घरात ठेवत नाहीत, पण बाईंनी हे ठेवलं होतं. "मला वाचता यायला लागलं तेव्हा पहिल्यांदा हेच वाचलं. आत्यानं हाताखाली धरून वाचायला लावलं. नाव नाही सांगितलं तिनं. पण तुमचं अक्षर काय लपतंय होय, ताई? दिवाळीला तुम्ही पत्र पाठवायच्या की." इतकी वर्षं माझ्यापुढे चहा ठेवताना तिला ठाऊक होतं. मला वर बघवेना. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तिनं कार्ड परत कापडात गुंडाळलं आणि म्हणाली, "आत्याचं काम आता माझ्याकडे. बंदरं बदलली. आखातातनं पत्र आलंय, तिथल्या एका डॉक्टरीणबाईचं. घोडपदेवची पोरगी आहे, एकोणीस वर्षांची. आईला सांगायचंय. मी निघालेच होते. येता? दोघी असलो की आत लवकर घेतात." मी म्हटलं, अगं, माझे यजमान जाऊन चार वर्षं झाली, मी कशी येऊ? शेवंतानं करंड्याचं झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. जबरदस्ती नव्हती. मीच कपाळ पुढे केलं.

घोडपदेवला त्या चाळीचे तीन मजले मला चढवेनात, दोनदा थांबले. जिन्याखाली माणसं पत्ते खेळत होती, त्यांनी आमच्याकडे मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पत्ते पिसायला लागली. दार एका बारीकशा बाईनं उघडलं, हाताला पीठ लागलेलं. तिनं माझं कपाळ पाहिलं, मग शेवंताच्या हातातला करंडा पाहिला.

"हळदीकुंकवाचं बोलावणं आहे," मी म्हणाले.

ती बाजूला सरली. "या ना, आत या."